झाकणावरचं भोक

वहाब मिस्तरी मुका नव्हता, पण त्याला चार वाक्यं सलग बोलताना ऐकलेला माणूस अख्ख्या औरंगाबादेत शोधून सापडला नसता. पैठण गेटाजवळ त्याचं दुकान. गिरणीची इंजिनं, विहिरीवरचे पंप, जे येईल ते दुरुस्त करी. गिऱ्हाईक बडबडत बसे, हा नट फिरवत बसे.

चार वर्षांची लेक मुनिरा तापानं गेली, तेव्हाही तसंच. चौथ्या दिवशी यानं दुकान उघडलं आणि पुढं वर्षभर पोरीचं नाव तोंडातून काढलं नाही. बायको नजमुन्निसा रडली, भांडली, हातापाया पडली. शेवटी म्हणाली, "या घरात माणसं दोन अन् आवाज एक. माझ्याच्यानं आता व्हत नाय." आणि गोदावरीपलीकडे इंग्रजी मुलखात भाऊ फारूखकडे निघून गेली. मिस्तरीला दुःख नव्हतं असं नाही हो, छातीत मावत नव्हतं इतकं होतं. पण ओठाशी आलं की तो पाना उचलायचा.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते ते. दिवाळीच्या सुमारास निरोप आला, की फारूख बिऱ्हाड घेऊन पुण्याला चाललाय. जुम्म्याची नमाज झाली की गाड्या जुंपणार, नजमुन्निसाही जाणार. न्यायची असेल तर त्याआधी या.

आता पैठणला नावेत बसला असता तर दोन घटकांत पलीकडे पोचला असता. पण रिकाम्या हातानं बायकोसमोर उभं राहायचं म्हणजे बोलावं लागणार! छावणीतला एक साहेब विलायतेला जाताना बदकांच्या शिकारीची जुनी बोट विकून गेला होता, मागं टांगायच्या मोटरीसकट. मिस्तरीनं ती घेतली, गाडीवर घालून बिडकीनवरून पैठणला नेली, आणि निरोप धाडला, "मंगळवारी माझ्या बोटीनं येतो." मोटर गर्जत काठाला लागेल, नजमुन्निसा बघेल, हसेल, येऊन बसेल. बोलायचं काम मोटरच करेल, असा त्याचा हिशोब.

मंगळवारी दोरी ओढताच मोटर सुरू झाली. नदीच्या मध्यावर गेली आणि खोकायला लागली. दोन गचके, एक धुराचा भपका, संपलं. मिस्तरीनं दोरी ओढून ओढून खांदा उखडून घेतला. वल्ही होती, पलीकडचा काठ अलीकडच्याइतकाच लांब होता. पण बंद मोटर घेऊन सासुरवाडीला जायचं? छे! तो वल्ही मारत परत आला.

रात्रभर वाळूत बसून त्यानं प्लग काढून घासले. बुधवारी पुन्हा मध्यावर मोटरीचा तोच खोकला, पुन्हा वल्ही. मग कार्बोरेटर उघडला, फुंकला, पुसला. कचऱ्याचा कण नाही. गुरुवारी मॅग्नेटो खोलला, ठिणगी निळीशार पडत होती. काठावर मोटर घड्याळासारखी चाले, पण दहा मिनिटं झाली की मान टाकी. गुरुवारीही तो मध्यावरून परत फिरला. पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं होतं, पण एवढ्या लांबून ओळखू येईना.

जुम्म्याच्या सकाळी तो डब्यातून टाकीत पेट्रोल ओतत होता. सीलबंद डब्याला खिळ्यानं एकच भोक पाडलेलं, पेट्रोल गुडगुड करी, थेंब टाकी आणि थांबे. मेंढ्या पाजायला आलेला मुंजाबा धनगर तीन दिवसांपासून ही गंमत बघत होता. त्याला राहवेना.

"मिस्तरी, दुसरं भोक पाडा की! वारा आत गेल्याबिगर आतलं भाईर येत नसतंय. एवढं बी ठावं नाय व्हय?"

मिस्तरी डबा हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. झाकणाच्या मधोमध मुळात एक बारीक भोक होतं. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यातलं वाफ होऊन उडू नये म्हणून आल्या दिवशीच त्यानं बांगडीवाल्याकडची लाख वितळवून ते बुजवलं होतं. गिरणीच्या इंजिनांची झाकणं सैल पत्र्याची, त्यामुळं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा नको का? त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि खिळ्यानं लाख उकरून काढली.

या खेपेला मोटर खोकली नाही. पलीकडे लागला तेव्हा सूर्य डोक्यावरही आला नव्हता. काठावर आवडाबाई नावाची म्हातारी जाळं विणत बसली होती. मिस्तरीनं फारूखचं घर विचारलं.

"कुलूप हाय. पहाटंच गेले समदे."

"नमाजेनंतर निघणार होते ना?"

"व्हय. पर त्यांची बहीण म्हनली, आता थांबून काय उपेग नाय." म्हातारीनं मान वर केली. "तीन दिस हितं येऊन बसली ओ ती. मोटर ऐकू आली की उठून उभी ऱ्हायची. मंग आवाज थांबायचा अन् बोट माघारी जायची. काल म्हनली, अर्ध्यावर येत्यात अन् फिरत्यात, त्यांचं मनच व्हत नाय."

"मोटर बिघडली होती," मिस्तरी म्हणाला. "फिरलो नाही मी. मोटर..."

"मला काय सांगता भाऊ? तिला सांगायचं ना."

मागं मोटर अजून फटफटत होती. मिस्तरीनं जाऊन ती बंद केली. मग येऊन म्हातारीसमोर वाळूत बसला.

"मला एक लेक होती," तो म्हणाला. "मुनिरा तिचं नाव." आणि हुंदका आला तो आवरेना.

आवडाबाईनं जाळं बाजूला ठेवलं. त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "बैलगाड्या हायत, शेवगावाच्या पुढं गेल्या नसतील. उठा."

बोट तिथंच सोडून मिस्तरी धुळीच्या वाटेनं निघाला. हातात पाना नव्हता. चालता चालता तो पोरीचं नाव मोठ्यानं म्हणून बघत होता, गाडी गाठल्यावर जीभ अडू नये म्हणून.