कोरड्या चादरींचा मान

निर्मळ गावची सुभद्रा वृद्धाश्रमात नऊ वर्षं आया होती. नव्या मॅनेजरने टूम काढली: जिच्या म्हाताऱ्यांच्या चादरी महिनाभर कोरड्या, तिचा फोटो दारात लागणार. आठवड्याभरात आयांनी दुपारनंतर म्हाताऱ्यांचं पाणीच तोडलं. सुभद्राला शिसारी आली. मेल्यांनो, वाडीतल्या केळीचंही कुणी असं पाणी तोडत नाही! ती चोरून पाणी पाजत राहिली आणि ओल्या चादरींपायी चारचौघांत मॅनेजरची बोलणी खात राहिली.

शेवटी तीही विटली. आशालताआजींनी पाणी मागितलं, तेव्हा तिने तांब्या दूर सरकवला. “आजी, आत्ताच तर प्यायलात!”

आजी ओशाळल्या. “हो का? विसरले असेन गं.”

पुढच्या महिन्यात दारात सुभद्राचा फोटो लागला. येता-जाता तिला त्यावर थुंकावंसं वाटतं.