चिऊची दिष्ट

कुणाच्या घरातनं दिष्ट काढल्याल्या मिरच्यांचा वास आला की लोकं खोकत्यात, मी चिडतो.

मी धाव्वीत हुतो. कराडात आमच्या घरी ताईची दीड वर्साची चिऊ कट्ट्यावरनं डोक्यावर पडली. रडून गप झाली. मग दोनदा भडाभडा ओकली आन् पेंगाय लागली. आत्तीनं मीठ-मिरच्या उतरून विस्तवात टाकल्या. कुणालाच ठसका लागला न्हाई.

"बघा, लय मोठी दिष्ट हाय! आता निजू द्या पोरीला."

मी घरातला नकल्या. चिऊगत मान टाकली, डोळं अर्धं मिटलं, ओठातनं लाळ सोडली. सगळी खदाखदा हसली.

ताई तेवढी किंचाळली, "आगं आत्ती, हलवली तरी डोळं उघडंना की ही!"

"गप गं. दमलीया ती."

ताईनं कुणाचं न ऐकता पोरीला उचललं. दवाखान्यात डॉक्टरीण बाई आमच्यावर कडाडल्या, "उलट्या झाल्या, मूल गुंगीत गेलं, तेव्हाच का नाही आणलं? डोक्यात रक्त साठलंय!"

ऑपरेशन झालं, चिऊ वाचली. आत्ती आजबी सांगती, "दिष्ट काढली म्हणून वाचली." आसा राग येतो!

पण खरा राग माझाच येतो. पोरीची दशा सगळ्यांत नीट मीच बघितली हुती. बघितल्याबिगर नक्कल जमती व्हय?