पुन्हाताईंची सदतिसावी नळी

रक्तपेढीत त्यांना सगळे पुन्हाताई म्हणत. जरा शंका आली, की नळी उचलून बाई म्हणणारच, "पुन्हा करू." बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताला सुया टोचणाऱ्या या बाईंना स्वतःला मात्र सुईची अशी धास्ती, की आजवर एकदाही रक्तदान केलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या आठवड्यात एचआयव्ही तपासायचा नवा संच आला आणि पन्नासाव्यांदा रक्त द्यायला आलेल्या सुतारकाकांच्या नमुन्यावर दुसरी रेघ उमटली. दुसरी रेघ म्हणजे रोगाचा संशय. काका बाकावर मटकन बसले.

"ताई, घरी काय तोंड दाखवू?"

ताई त्यांच्याशेजारी टेकल्या. "अजून काही ठरलेलं नाही, काका. दोन वेगळ्या पद्धतींनी पुन्हा बघते. आणि या नव्या शहाण्यालाही परीक्षेला बसवते."

परीक्षा सोपी होती. आधीच खात्री केलेले चाळीस बाधित आणि शंभर निरोगी नमुने, नळ्यांवर फक्त नंबर, नावांची यादी डॉक्टरीणबाईंकडे बंद पाकिटात. निरोगी नमुना एक कमी पडला, तेव्हा ताईंनी डोळे गच्च मिटून स्वतःचा हात पुढे केला. जुन्या पद्धतींनी त्यांचं रक्त स्वच्छ ठरलं आणि नळी रांगेत गेली.

पाकीट फोडलं. संचाने चाळीसच्या चाळीस बाधित पकडले होते. शाब्बास! पण दोन निरोगी नळ्यांवरही रेघ ओढून ठेवली होती. आणि त्या दोनांतली एक, सदतिसावी नळी, खुद्द पुन्हाताईंची.

सगळं ठाऊक असूनही त्या काकांसारख्याच मटकन बसल्या. काकांनी बाकावर काय सोसलं असेल, ते तेव्हा कळलं. मग मात्र त्यांना हसू आवरेना.

काकांच्या पुढच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, तशा ताई धावतच बाहेर गेल्या. "काका, तुम्ही ठणठणीत आहात! त्या मेल्याने मलासुद्धा धरलं होतं."

काकांनी डोळे पुसले. "मग घ्या की रक्त."

"नियम आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासून."

"तोवर मी एकोणपन्नासवरच लटकू?"

"मीही लटकते तुमच्याबरोबर. शून्यावर."

सहा महिन्यांनी दोघंही पुन्हा स्वच्छ ठरले आणि शेजारशेजारच्या खाटांवर आडवे झाले. काका मजेत चेंडू दाबत होते. ताईंचे डोळे मिटलेले.

"झालं का हो?"

"अजून टोचलीच नाही, ताई," काका म्हणाले आणि त्यांनी आपला मोकळा हात ताईंपुढे केला. "धरा घट्ट."