चांदीची फ्रेम आणि झेंडूचा हार

दिवेआगरच्या आमच्या घरात ओटीवर शिरलं की समोरच एका खुनी माणसाचा फोटो होता. चांदीच्या फ्रेमीत. फ्रेमीवर दोन तलवारी आणि एक तारा कोरलेला, फोटोखाली शाईने केलेली लांबलचक सही.

तो एका दूरच्या देशाचा हुकूमशहा. स्वातंत्र्यानंतर आपल्या एका साहेबांना तिथे राजदूत म्हणून पाठवलं, आणि माझे वडील त्यांचे खानसामा म्हणून गेले. साहेब परत निघाले तेव्हा हुकूमशहाने त्यांना ही फ्रेम भेट दिली. दिवाणखान्यात ठेवायची साहेबांना लाज वाटली आणि टाकून द्यायची भीती. म्हणून ती वडिलांच्या ट्रंकेत आली. हे मला फार पुढे साहेबांच्या पत्नीने सांगितलं. गावात वडील वेगळंच सांगत. "त्याने स्वतः माझ्या हातात दिली. म्हणाला, तुझ्यासारखं मटण करणारा माणूस माझ्या अख्ख्या फौजेत नाही."

त्याच्या गोष्टी ते चवीने सांगत. बंगल्यामागच्या तुरुंगात सकाळी सातला माणसं भिंतीला उभी करून गोळ्या घालत, आणि साडेसातला साहेबांचा चहा. "एकदासुद्धा बशीत चहा सांडला नाही माझा. याला म्हणतात शिस्त!"

नोकरी सोडून ते नारळी-पोफळीची वाडी बघायला घरी आले आणि ती शिस्त आम्हाला लागली. भात गिचका झाला की आईच्या कानशिलात. मी उलट बोलले की कमरेचा पट्टा. मारून झालं की ते फ्रेम पुसत.

मी बारा वर्षांची असताना दसऱ्याला आईने कोयते, विळे, आडकित्ते धुऊन मांडले आणि प्रत्येकाला झेंडूचं फूल वाहिलं. चांदीची वस्तू तशीच कशी ठेवायची, म्हणून फ्रेमीला अख्खा हार घातला. तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. वडील देवळातून सोनं वाटून आले आणि दारातच थांबले.

"जित्या माणसाच्या फोटोला हार? मारतेस त्याला?"

"अवो, चांदीला घातलाय. फोटोला न्हाय."

त्यांनी दाराचा अडसर उचलला. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा तिने हातावर झेलला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी मध्ये गेले तर माझा ओठ फुटला. नंतर त्यांनी हार ओरबाडून काढला आणि फ्रेम पुसली. आईला मी शेजारच्या काकूंबरोबर बैलगाडीतून म्हसळ्याला डॉक्टरकडे नेलं. तिथे तिने सांगितलं, विहिरीवर पाय घसरला.

दिवाळीनंतर शाळेचे मास्तर वर्तमानपत्र घेऊन ओटीवर आले. हुकूमशहाला त्याच्याच पहारेकऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर गोळ्या घातल्या होत्या. प्रेत चौकात टाकलं आणि लोकांनी ते चपलांनी बडवलं. वडिलांनी मास्तरांना बातमी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "टेबलावर वाढायला कोण होतं, ते छापलंय का?"

मास्तर गेले. वडिलांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग आईकडे. पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर भीती दिसली.

आईने हार घातला आणि तो मेला, ही बातमी गावात पसरायला संध्याकाळही लागली नाही. विहिरीवर बायका आईभोवती जमल्या.

"वयनी, तुमचा हात चांगला हाय गो. माझ्या सासूचा फोटो आनू काय?"

"व्हय, आनि माझ्या नवऱ्याचापन. मोठाच घाला हार."

मोडका हात गळ्यात अडकवलेली आई खदखदून हसली. ते हसू वडिलांच्या कानावर गेलं. घरी आल्यावर त्यांनी तिला केसांना धरून चुलीपर्यंत ओढत नेलं. "चेटकीण! गावाला हसवतेस मला?" तिचं कपाळ चुलीच्या वैलावर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सुपारीची पोती विकायला दिघीला गेले. आईने मला हाक मारली. "फ्रेम खाली काढ. माझा हात चालत न्हाय."

मी फ्रेम उघडली. हुकूमशहा न्हाणीच्या चुलीत गेला, पाणी तापायला. ट्रंकेत वडिलांचा एक फोटो होता, पांढरा कोट आणि पितळी बटणं घातलेला. तो फ्रेमीत बरोबर बसला. मग तिने मला हार ओवायला लावला आणि फ्रेमीशेजारी दुसरा खिळा ठोकून त्यावर टांगायला सांगितला.

वडील परत आले ते पायातल्या वहाणांसकट ओटीवर चढले.

"हे काय?"

"तुमचा फोटो."

"आणि तो हार?"

"घातला न्हाय अजून," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

त्यांनी हार काढून फेकला नाही. त्याला हात लावायचीच त्यांची छाती झाली नाही. दर मंगळवारी मी नवा हार ओवत असे. झेंडू नसला तर अबोलीचा, काहीच नसलं तर आंब्याच्या पानांचा. सकाळी उठल्यावर वडील आधी खिळ्याकडे बघत आणि मगच तोंड धुवायला जात. पुन्हा त्यांनी आमच्यावर हात उगारला नाही. भात गिचका झाला तर कालवून खात.

सात वर्षांनी ते तापाने गेले. लोक त्यांना नेऊन परत आले, आंघोळी झाल्या. मग आईने भिंतीकडे बोट केलं.

"घाल आता."

तिचा तो मोडलेला हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. म्हणून हार मी घातला.