पालवी फुटलेला खांब

चौकातल्या चष्मेवाल्यांना सगळे भिंगकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. शहरातलं कुठलंही झाड ते नुसत्या सालीवरून ओळखायचे, आणि नाव विचारणाऱ्याला आधी एक टोमणा हाणायचे. माणसांच्या बाबतीत मात्र आनंदी आनंद होता. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक आलं तरी विचारायचे, "आपण कोण?"

दुकानासमोर ऐसपैस पर्जन्यवृक्ष होता. संध्याकाळ झाली की पानं मिटून गुमान झोपायचा. नवा चष्मा नाकावर चढवला की काका गिऱ्हाइकाला दारात उभं करायचे. "वरची पानं सुटी सुटी दिसतात का? नुसतंच हिरवं दिसत असेल तर नंबर चुकला." अक्षरांचा तक्ता भिंतीवर नावाला होता. काकांचा त्या झाडावर जीव होता, बायकोला कधीकधी हेवा वाटावा इतका.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि पालिकेला एकाएकी झाडांचा पुळका आला. झाडं मोजायला एक बाई आल्या.

"काका, हे कुठलं झाड?"

झाडं मोजायला निघालेल्या बाईंना झाडच ओळखू येऊ नये! काकांच्या जिभेला खाज सुटली. "झाड? अहो, विजेचा खांब आहे तो. यंदा पालवी जरा जास्त फुटलीय, एवढंच."

बाईंनी मान वर केली नाही. मोबाइलवर बोट फिरवत "खांब, एक" असं पुटपुटत त्या पुढे गेल्या. काका दिवसभर हा किस्सा रंगवून सांगत होते. बायको म्हणाली, "सरळ नाव सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?"

पुढे एका सकाळी करवत घेऊन माणसं आली. काका बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. "झाड तोडायचं तर आधी सुनावणी लागते!"

"झाडाला लागते," मुकादम म्हणाला. "इथे खांब आहे."

"डोळे फुटले का? वर बघा!"

"दिसतंय हो मला. पण मोजणीत खांब आहे. कुणी सांगितलं असेल तसं?"

काकांनी पालिकेत फोन लावला. या खात्यातून त्या खात्यात हिंडून शेवटी त्याच बाई सापडल्या. "बाई, चुकलो. चेष्टा केली मी. पर्जन्यवृक्ष आहे तो." कुणाला टोमणा न मारता त्यांनी झाडाचं नाव सांगितलं ते हे पहिल्यांदाच.

"अय्या, चेष्टा होती होय? मला वाटलं, तुम्ही जाणकार. दुरुस्तीचा अर्ज करा ना. महिन्याभरात होऊन जाईल."

करवतीला एक दुपार पुरली. संध्याकाळी रस्त्यावर आडव्या पडलेल्या फांद्यांनी रोजच्यासारखी पानं मिटली, तेव्हा काका दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले.

रस्ता रुंद झाला. खातं मात्र चोख. काढलेला खांब परत उभारायचा असा नियम, म्हणून झाडाच्या जागी नवाकोरा खांब आला.

जुनं गिऱ्हाईक नवा चष्मा चढवून सवयीने दारात गेलं.

"काय दिसतं?" काकांनी विचारलं.

"खांब."

"मग नंबर बरोबर आहे," काका म्हणाले, आणि आत वळले.