उजव्या खांद्यावरचं फडकं

मामांचे गुडघे त्यांच्या आधी म्हातारे झाले. मिसरूड फुटल्यापासून साठी उलटेपर्यंत ते एका बारमध्ये उभे होते, आणि उभे म्हणजे उभेच. गिऱ्हाईक बसलेलं असताना वेटरने बसायचं नाही हा त्यांचा स्वतःचा नियम, मालकाने कधी तो घातला नव्हता. मग बार बंद झाला, मामा घरी बसले, आणि बसल्यावर गुडघ्यांच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं दुखतच होतो.

बारला पाटीवर एक ऐटदार नाव होतं, पण ते फक्त पाटीला ठाऊक. लोक त्याला खड्डा म्हणत, कारण रस्त्यावरून काही पायऱ्या उतरून खाली जावं लागे. घरी बायका चिडून म्हणायच्या, "जा खड्ड्यात!" आणि नवरे एरवी कधी नव्हे इतक्या आज्ञाधारकपणे तिकडे जायचे. हा विनोद खड्ड्याइतकाच जुना होता आणि रोज कोणीतरी तो आपल्यालाच सुचल्यासारखा सांगायचा. जागेत डोळ्यांत भरण्यासारखं काही नव्हतं. एका टेबलाच्या पायाखाली कायमची पुठ्ठ्याची घडी, भिंतीला ओल, आणि पंखा असा की वारा कमी, आवाज जास्त. खारे दाणे मात्र ताजे असायचे. उकडलेलं अंडं मामा दोऱ्याने कापत, कारण सुरीला पिवळं चिकटतं आणि गिऱ्हाइकाचं तेवढं नुकसान होतं.

लोक दारूसाठी यायचे हे खरं. पण दारू काय, कुठेही मिळते. खड्ड्यात शिरलं की मामा लांबूनच मान हलवायचे, आणि दिवसभर कोणी हिंग लावून विचारलं नसलं तरी आपण आल्याचं कोणाला तरी कळलं असं वाटायचं. माणसाला याहून फार काही लागत नाही, पण तेवढंही सहजासहजी मिळत नाही.

आणि मग ते फडकं. टेबल पुसायचं वेगळं. हे पांढरं, ग्लास पुसायचं, कायम डाव्या खांद्यावर असायचं. एखाद्याला पुरेशी झाली असं मामांना वाटलं की ते त्याच्या टेबलापाशी येत, रिकामा ग्लास उचलत, आणि फडकं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकत. संपलं. तोंडातून अक्षर नाही. चारचौघांत "तुला आता मिळणार नाही" म्हटलं तर माणूस ऐकत नाही, उलट इरेला पेटतो. फडक्याशी भांडणार कोण? नवखा कोणी हुज्जत घालायला लागला तर शेजारच्या टेबलावरचा जुना माणूसच त्याला समजावायचा, "ऊठ बाबा, उजवीकडे गेलं." मग मामा पायऱ्यांपर्यंत सोबत जात आणि माणूस वर रस्त्याला लागला की म्हणत, "सावकाश. घरी जा आता."

मालकाला हे सुरुवातीला मुळीच पटलं नाही. गिऱ्हाईक मागतंय आणि वेटर त्याला उठवतोय, हा कुठला धंदा? पण ज्याला वेळेवर उठवलं तो दुसऱ्या दिवशी परत येतो, आणि ज्याला कोणी उठवत नाही तो एक दिवस यायचाच बंद होतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. मग तो फडक्याच्या वाटेला गेला नाही.

पुढे मालक गेला, मुलांनी जागा विकली. आता तिथे नळ, टाइल्स आणि कमोडचं दुकान आहे. पायऱ्या काढून उतार केला, ओल गेली, भिंती झगझगीत झाल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामांना रडू आलं, आणि कमोडकडे बघून रडतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर ते त्या रस्त्याने जायचे टाळू लागले.

घरी मामी होत्या. सगळा संसार त्यांनी संध्याकाळी नवरा नसण्याच्या हिशेबाने बेतलेला. रोज मामा परतले की त्या दार उघडून एकच शब्द बोलायच्या, "आलात?" आणि पान वाढायला वळायच्या. आता मामा चोवीस तास खिडकीपाशी. त्या कधी वैतागून म्हणायच्या, "अहो, तुम्ही दिवसभर डोळ्यांसमोर. नवीन बोलायचं तरी काय तुमच्याशी?" यात राग नव्हता, पण खोटंही काही नव्हतं. मामाही विचार करायचे आणि त्यांनाही काही सुचायचं नाही. कुठे गेलंच नाही तर येणार कुठून, आणि सांगणार काय?

अशाच एका कंटाळलेल्या दुपारी घड्याळजींची मुलगी दारात उभी राहिली. घड्याळजी म्हणजे खड्ड्याचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक फोनमध्येच वेळ बघू लागले तसं तेही मिटलं. बायको त्याआधीच गेलेली. मुलगी नोकरी करून बापाला सांभाळत होती. ती आत आली, पाण्याचा पेला हातात धरून राहिली, प्यायली नाही.

"मामा, तुम्ही बाबांना कसं थांबवायचात?"

"मी कुठे थांबवायचो? त्यांचे तेच थांबायचे."

"घरी नाही थांबत. खड्डा होता तेव्हा दोन ग्लास व्हायचे आणि जेवायच्या वेळेला दारात हजर. आता बाटली घेऊन खोलीत बसतात ते बसतातच. मी लपवून पाहिली, ओतून दिली, भांडले, पाया पडले. सकाळी बघावं तर खुर्चीतच झोपलेले असतात." तिचा आवाज इथवर नीट होता, मग फाटला. "डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढचं वर्ष दिसणार नाही. मला कोणाकडे जावं कळेना, म्हणून तुमच्याकडे आले."

घड्याळजी घरी प्यायचे का थांबत नाहीत हे मामांना तिथल्या तिथे कळलं होतं. बारमध्ये पिणाऱ्याला 'घरी जा' म्हणता येतं. घरी बसून पिणाऱ्याला कुठे जा म्हणणार? पण कळणं वेगळं आणि जाणं वेगळं. घड्याळजींचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. आणि मामा खरंच थकले होते. उभं आयुष्य लोकांना सांभाळून घरी पाठवण्यात गेलं. आता त्यांच्या घरी जाऊन तेच करायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. बघतो, एवढंच ते म्हणाले. तिला तो नकारच वाटला असावा. ती पाणी तसंच ठेवून निघून गेली.

"जा ना," मामी आतून म्हणाल्या. "इथे बसून तरी काय दिवे लावताय?"

"गुडघे बघ माझे."

"गुडघे इथेही दुखतातच की. आणि ते तुमचं फडकं घेऊन जा. मी त्याने डबे पुसते, पण धुतलेलं आहे."

संध्याकाळी मामा पांढरा शर्ट घालून, फडकं घडी करून खिशात ठेवून निघाले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांनी घड्याळजींना, स्वतःला आणि लिफ्ट न बसवणाऱ्या इमारतीच्या मालकाला आळीपाळीने शिव्या दिल्या. दाराशी पोचल्यावर फडकं डाव्या खांद्यावर टाकलं.

घड्याळजी खुर्चीत होते. समोर स्टुलावर बाटली आणि ग्लास. नुकतीच सुरुवात होती. माणूस निम्मा झाला होता, गालफडं बसली होती, सदरा अंगात लोंबत होता. मामांना पाहून ते दचकले नाहीत, कसं काय म्हणून विचारलं नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं टकटक वाजवली. खड्ड्यात ग्लास मागवताना ते तशीच वाजवायचे.

मामांचे हात आपोआप चालू लागले. त्यांनी ग्लास उचलून फडक्याने पुसला, बेताची दारू ओतली, पाणी भरपूर घातलं, मुलीकडून बशीत दाणे मागून घेतले. मग खुर्चीच्या बाजूला उभे राहिले.

"मामा, बसा ना तुम्ही," मुलगी म्हणाली.

"गिऱ्हाईक बसलंय ना."

घड्याळजी हसले. मुलगी बापाच्या तोंडाकडे बघतच राहिली, इतक्या दिवसांत तिने ते हसू पाहिलंच नव्हतं.

मग गप्पा निघाल्या. तो शिंपी, जो पहिल्या ग्लासाला भांडायचा आणि दुसऱ्याला ज्याच्याशी भांडला त्याच्याच गळ्यात पडून रडायचा. तो हेडक्लार्क, ज्याला बायको न्यायला यायची आणि पायऱ्यांवर उभी राहून आधी स्वतःच दाणे खायची. पंखा बंद पडला त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी आळीपाळीने पुठ्ठ्याने मालकाला वारा घातला होता. कोण गेलं, कोण मुलाकडे राहायला गेलं, कोणाचा पत्ताच नाही. बोलता बोलता घड्याळजींनी विचारलं, "माझं कोपऱ्यातलं टेबल होतं, तिथे आता काय आहे हो?"

"कमोड."

"म्हणजे बसायची सोय कायम आहे!"

दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं. खड्डा गेल्याचं दुःख मामांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बार बंद झाला म्हणून गळा काढणाऱ्याचं कोण सांत्वन करणार? इथे सांगावं लागलं नाही.

दुसरा ग्लास संपला. दोन बोटं पुन्हा वाजली.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. मामा पुढे झाले, ग्लास उचलला, आणि फडकं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकलं. घड्याळजींनी आधी बाटलीकडे पाहिलं, निम्म्याहून जास्त भरलेली होती. मग मामांच्या खांद्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला, उठले, कॉलर नीट केली आणि खिसा चाचपला.

"येतो मामा," ते म्हणाले. चपला घातल्या आणि दाराबाहेर पडून जिना उतरायला लागले.

आणि मामा तरी काय शहाणे? तेही सवयीने दारापर्यंत गेले आणि मागून म्हणाले, "सावकाश. घरी जा आता."

"अहो मामा!" मुलगी ओरडली. "हेच तर घर आहे त्यांचं!"

मामांनी कपाळावर हात मारला. भल्या माणसाला त्याच्याच घरातून घालवून दिलं होतं आणि तो मुकाट गेलाही होता. कठडा धरून ते जमेल तेवढ्या घाईने खाली उतरले. घड्याळजी फाटकाशी उभे होते, एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे. खड्ड्यापासून घरापर्यंतची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. घरापासून घरापर्यंतची वाट त्यांना कोणी दाखवलीच नव्हती. त्यांना आपली चूक कळली होती आणि चेहरा लाजेने कसनुसा झाला होता.

"मामा, डोकं गेलं की काय हो माझं?"

"डोक्याला काही झालेलं नाही," मामा म्हणाले. "वाट जरा लांबची आहे. चला, सोडतो तुम्हाला."

त्यांनी घड्याळजींचा दंड धरला. कोणी कोणाचा आधार घेतला होता हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. दोघं कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आणि मामा जो रस्ता टाळत आले होते त्याच रस्त्याला लागले. दुकानाच्या काचेत दिवे होते. दोघं क्षणभर थांबले, घड्याळजींनी आपल्या कोपऱ्याकडे पाहून मान हलवली, आणि पुढे निघाले. संध्याकाळची गार हवा होती. लोक कामावरून परतत होते, आणि त्यांच्यात हे दोघंही परतणारेच दिसत होते. इमारतीशी पोचेपर्यंत घड्याळजींची चाल सरळ झाली होती.

वर दार लोटलेलं होतं. मुलीने चाहूल ऐकून उघडलं. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. तिची आई जे म्हणायची तेच तिच्या तोंडून निघालं.

"आलात बाबा? वाढू का?"

"आलो," घड्याळजी म्हणाले. "वाढ."

त्यांनी हातपाय धुतले आणि पानावर बसले. बाटली स्टुलावर तशीच होती. मुलीने ती उचलून आत नेली तरी त्यांनी मान वर केली नाही.

जिन्यापर्यंत ती मामांना सोडायला आली. "उद्या याल?" तिने विचारलं. मामांना हो म्हणवेना. आज झालं ते झालं, पण उद्या पुन्हा हा जिना, पुन्हा उभं राहणं, पुन्हा तो फेरा. एका संध्याकाळीने दारू सुटत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? रोज जावं लागेल. आणि रोज जाण्याचं बळ कुठून आणायचं? घरी जाऊन मामींकडून निरोप पाठवावा, आपल्याच्याने होत नाही म्हणून, असं ठरवत ते पाय ओढत निघाले. अंगाचा नुसता चोथा झाला होता.

त्यांनी कडी वाजवली. आतून ओळखीची पावलं आली, दार उघडलं, आणि मामी पीठ लागलेल्या हातांनी समोर उभ्या राहिल्या.

"आलात?" त्या म्हणाल्या आणि पान वाढायला वळल्या.

मामा उंबऱ्यातच थांबले. खड्डा बंद झाल्यापासून हा शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता.

"काय झालं? दारात काय उभे? गुडघे दुखताहेत ना?"

"दुखताहेत," मामा म्हणाले, आणि खांद्यावरचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "हे धुऊन ठेव. डबे दुसऱ्याने पूस. उद्या लागणार आहे."