तीन बोटांचं माप

आत्याने हेड कुकवर चाकू उगारला म्हणून तिला हॉटेलातून काढलं, असं आमच्या जिन्यावर बोललं जातं. खालच्या काकू तर चाकू उगारून दाखवतात, तेही चुकीच्या हाताने. खरं म्हणजे आत्याने चाकू धुतला, पुसला, ओट्यावर ठेवला आणि ती घरी आली.

सव्वीस वर्षं तिचं एकच काम: जार्दिन्येर. नाव फ्रेंच. गाजर, सलगम, फरसबीच्या सारख्या लांबीच्या कांड्या कापायच्या. त्या ताटातल्या मुख्य पदार्थाभोवती सजवतात. हॉटेलच्या दारातल्या लांबट शोभेच्या कुंड्यांनाही तेच नाव. त्यातली एक तडकलेली आमच्या खिडकीत आहे. आत्याला पट्टी लागायची नाही. गाजरावर डावी तीन बोटं आडवी ठेवायची, की कच्.

मग संधिवाताने बोटं सुजली. दुखतात हे तिने कुणालाच सांगितलं नाही. बोटं जाड झाली तशा कांड्याही लांबल्या, आणि नेमकं तिच्याच ते लक्षात आलं नाही. ट्रे परत यायला लागले.

"बाईऽ, कांड्या कापताय की खुंट्या?" हेड कुक नाकातून म्हणाला.

"तुमचे डोळे तपासून घ्या."

त्याने सगळ्यांसमोर पट्टी लावली. अर्धा इंच जास्त. "ही लावून कापा. जमत नसेल तर सोमवारपासून दुसरी बाई बघतो," म्हणत त्याने पट्टी तिच्या हातात ठेवली.

घरी ती खिडकीशी बसून राहिली. बाबा म्हणाले, "अगं, लाव की पट्टी. बिघडतंय काय तुझं?" ती बोटंच बघत होती.

मी हेड कुकसारखा नाकातून सूर लावला, "बाईऽ, ट्रे!" एरवी ती यावर हसून लोळायची.

"पैज," मी म्हटलं. "सोमवारी तू जाणार."

"गेले तर खुशाल माझीही नक्कल कर, माकडा. नाही गेले, तर या घरात त्याचा आवाज बंद."

सोमवारी मी उठले तेव्हा ती खिडकीशीच होती. कुंडीतल्या मातीत पट्टी खोचलेली, आणि वाकलेलं रोप त्या पट्टीला दोऱ्याने बांधलेलं. गाठ सैल होती. आत्या ती पुन्हा मारायला बघत होती, बोटं वळत नव्हती.

माझ्या नाकात सूर तयार होता. मी तो गिळला आणि दोऱ्याचं टोक धरलं.